शिबलींची तहकीक आणि आपली सोय

गेल्या वर्षी आमच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा झाली. नववीतला एक मुलगा 'इस्लाम आणि विज्ञान' या विषयावर बोलला आणि छान बोलला. शेवटी त्याने सांगितले, की नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि परत आल्यावर इस्लाम स्वीकारला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी स्वतः लहानपणी मोहल्ल्यातल्या जलशात हीच गोष्ट ऐकली होती आणि सर्वांबरोबर 'सुभानल्लाह' म्हटले होते. आता परीक्षक होतो म्हणून विचारले, "बेटा, हे कुठे वाचलंस?" तो म्हणाला, "सर, सगळ्यांनाच माहीत आहे."

चंद्रावर हवा नाही आणि हवेशिवाय आवाज पोचत नाही, हे त्याच मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. खुद्द आर्मस्ट्राँगने या गोष्टीचा इन्कार केला होता. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९८३ साली आपल्या वकिलातींनाही तसे कळवले होते. हे मी मुलांना सांगितले. नंतर शिक्षक-खोलीत एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, "मुलांना शंका घ्यायला शिकवू नका. आज आर्मस्ट्राँग, उद्या आणखी काही."

त्यांचे म्हणणे मला हसण्यावारी नेता आले नाही. त्या रात्री मी मौलाना शिबली नोमानींचा अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयावरील निबंध पुन्हा काढून वाचला. आपल्याकडे शिबली म्हटले की 'अल-फारूक' आणि 'सीरतुन्नबी' आठवतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातला हा छोटा निबंध मागे पडला आहे. सार्वजनिक वादात शंका कशी घ्यावी, याचा असा दुसरा धडा आधुनिक उर्दूत मला तरी सापडलेला नाही.

आरोप असा होता. इ. स. ६४२ मध्ये अम्र बिन आस यांनी अलेक्झांड्रिया जिंकले. याह्या नावाच्या एका ख्रिस्ती विद्वानाने त्यांच्याकडे तिथले ग्रंथ मागितले. अम्र यांनी हजरत उमर यांना विचारले आणि उत्तर आले, की ग्रंथ नष्ट करा. मग ते शहरातल्या हमामखान्यांना जळण म्हणून वाटले गेले आणि सहा महिने पुरले. तेराव्या शतकातील ख्रिस्ती लेखक अबुल फरज याच्या इतिहासाचा लॅटिन अनुवाद १६६३ साली ऑक्सफर्डला छापला गेला आणि ही कथा युरोपभर झाली. पुढे इंग्रजी शिक्षणाबरोबर ती आपल्याही दारात आली.

शिबलींची पद्धत हदीसच्या अभ्यासकांची आहे. आधी रिवायत पाहायची, म्हणजे सांगणारा कोण, तो कधी होता, त्याला कोणी सांगितले. मग दिरायत, म्हणजे सांगितलेली गोष्ट बुद्धीला आणि परिस्थितीला पटते का. ही फूटपट्टी लावली की कथा टिकत नाही. घटना सातव्या शतकातली. तिचा उल्लेख करणारा अब्दुल लतीफ बगदादी मिसरला गेला तो १२०० च्या सुमारास. मधल्या साडेपाचशे वर्षांतले इतिहासकार, त्यात मिसरचे ख्रिस्ती लेखकही आले, याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. ज्याने ग्रंथ मागितले म्हणतात तो याह्या इ. स. ५२९ मध्ये ग्रंथ लिहीत होता, म्हणजे विजयाच्या वेळी तो सव्वाशेच्या पुढे असायला हवा. शिवाय तिथल्या ग्रंथसंपदेची हानी सीझरच्या काळात आगीने झाली आणि ३९१ साली सेरापिस देवाचे मंदिर पाडले गेले तेव्हाही झाली असावी. मुळात जाळायला तिथे काय उरले होते, हाच प्रश्न आहे.

निबंधाचे मोठेपण इथे आहे. शिबली रागावत नाहीत. 'आमच्या खलिफांवर आरोप करता?' असे विचारत नाहीत. ते 'पुरावा दाखवा' म्हणतात, आणि विरोधकालाही तपासता येईल असा स्वतःचा पुरावा समोर ठेवतात. १९०२ मध्ये आल्फ्रेड बटलर या इंग्रज अभ्यासकाने मिसरच्या विजयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि तोही याच निष्कर्षाला आला.

पण समीक्षा करायची तर दोन गोष्टी नोंदवल्याच पाहिजेत. पहिली, ही कथा 'शत्रूंनी रचली' असे म्हणून आपली सुटका होत नाही. अब्दुल लतीफ मुसलमान होता. ती सविस्तर सांगणारा इब्नुल किफ्ती मुसलमान होता. उलट तिच्यावर अठराव्या शतकातच ठाम शंका घेणारा गिबन इंग्रज होता. अफवा आपल्या घरात जन्मली आणि शंका परक्याच्या घरात. दुसरी गोष्ट, शिबली इथे वकिलाच्या जागी उभे आहेत. निकाल काय हवा हे त्यांना आधीच ठाऊक आहे. औरंगजेबावरील त्यांच्या लेखनात हा वकिली सूर जास्त जाणवतो. वकील प्रामाणिक असू शकतो, पण आपल्या पक्षाच्या साक्षीदाराची तो उलटतपासणी घेत नाही.

ही मर्यादा एकट्या शिबलींची नाही. इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा'त इतिहासकारांना खडसावले आहे. हजरत मूसांच्या सैन्यात सहा लाखांहून अधिक लोक होते हे मसऊदीने लिहिले. एवढे सैन्य उभे कुठे राहील आणि लढेल कसे, असा हिशेब इब्न खल्दून विचारतो. तोच इब्न खल्दून त्याच ग्रंथात इराणचे ग्रंथ हजरत उमर यांच्या आज्ञेने नष्ट झाल्याची अगदी तशीच कथा न तपासता नोंदवतो. एवढ्या मोठ्या माणसाची नजर चुकते, तर तुमची-आमची काय कथा?

आज आपल्याला या तहकीकची गरज किती आहे हे वेगळे सांगायला नको. २०२० मध्ये करोनाच्या काळात तबलिगी जमातीच्या नावाने वाहिन्यांवर काय चालले होते ते आपण सोसले आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवण्याच्या अफवेवरून पाच भटक्या गोसाव्यांना जमावाने ठेचून मारले. न तपासलेली गोष्ट कुणाचा जीव घेईल हे आधी कळत नाही.

म्हणून आपण इतरांना पुरावा मागतो, आणि तो मागायलाच हवा. पण आपल्याला गोड वाटणाऱ्या गोष्टीला आपण पुरावा मागत नाही. जी फूटपट्टी फक्त दुसऱ्याच्या कापडाला लागते, तिच्यावर बाजारात कोण भरवसा ठेवील? सूरह हुजुरातमध्ये बातमीची खातरजमा करण्याचा हुकूम आहे, आणि त्यात आपल्या सोयीच्या बातमीला सूट दिलेली नाही.

माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी एवढेच म्हणालो, की आर्मस्ट्राँगच्या खोट्या कथेवर उभा राहिलेला ईमान पहिल्याच खऱ्या प्रश्नाला डळमळेल. त्यांना ते पटले नाही. आमचे बोलणे अजून चालू आहे. मात्र यंदा नववीच्या वर्गात मी शिबलींचा तो निबंध सोपा करून वाचून दाखवणार आहे, इब्नुल किफ्तीचे आणि गिबनचे नाव न गाळता.