तांड्यावरील कशिदा

दिवाळीच्या सुटींत आम्ही चार स्नेही पुसदकडील एका बंजारा तांड्यावर गेलों होतों. फेटिया-कांचळीवरील आरसे, कवड्या व भरगच्च टांके पाहून प्रत्येकाला त्यांतला एखादा तुकडा दिवाणखान्यांत टांगावासा वाटला. त्या मोहांतच आमच्या रसिकतेचें अपुरेपण होतें. आगगाडी येण्यापूर्वीं बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य वाहणाऱ्या या फिरत्या समाजाची कला चालत्या अंगावरच खुलते. स्त्री चालूं लागली म्हणजे आरसा चमकतो, कवडी वाजते. भिंतीवर आरसा निस्तेज आणि कवडी मुकी. एके काळीं चलन असलेली कवडी वस्त्रावर येऊन अलंकार झाली. आम्हीं मात्र त्या अलंकाराची पुन्हां किंमत विचारली! ‘हें नातीचें आहे,’ म्हणून एका वृद्धेनें हंसून नकार दिला. कलेची पारख आमच्यापेक्षां तिलाच अधिक होती.