उशिरा वाचणारं मूल मागे पडतं का?

सिन्नर म्हणजे विड्यांचं गाव, म्हणून ही गोष्ट जवळची वाटेल: पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ साली जर्मनीत, श्टुटगार्टच्या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. तिथे वाचन साधारण सातव्या वर्षी सुरू होतं. म्हणून एक पालक म्हणतात, "मूल खूश आहे"; दुसरे म्हणतात, "अजून वाचता येत नाही." दोघंही खरंच बोलतात. २०१३ साली आलेल्या न्यूझीलंडमधल्या अभ्यासात अशी मुलं अकराव्या वर्षापर्यंत पाचव्या वर्षी शिकलेल्यांच्या बरोबरीला आली. पण थांबा, ही सरासरी आहे. ज्याला वाचनाची खरीच अडचण आहे, ते मूल "येईल हळूहळू" म्हणता म्हणता नजरेआड होतं. म्हणून प्रवेशाआधी शाळेला एवढंच विचारा: वाट बघणं तुम्ही कधी थांबवता?