अनुमान आणि पुरावा : ‘काश्मीर प्रिन्सेस’च्या निमित्ताने

न सुटलेल्या गुन्ह्याविषयी लिहिणाऱ्याची पारख त्याने शेवटी कोणाचे नाव घेतले यावरून करू नये. नाव घेण्यापूर्वी तो पुराव्याच्या किती पायऱ्या चढला यावरून करावी. मराठी वाचकाला रहस्यकथेचे वावडे नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी आपल्या वडीलपिढीच्या कित्येक दुपारी व्यापून टाकल्या होत्या. त्या कथांत शेवटचे पान आले की गुन्हेगार हाती लागतो. वास्तवात मात्र ते पान पुष्कळदा लिहिलेच जात नाही, आणि मग ज्याला जे सुचेल ते तो त्या कोऱ्या पानावर लिहू लागतो. विमानांच्या अपहरणांविषयी व घातपातांविषयी जे विपुल वाङ्मय झाले आहे, त्यात या कोऱ्या पानावरील लिखाणाचाच भरणा अधिक. त्यातील एका प्रकरणाचा येथे परामर्श घेण्याचे योजिले आहे. त्याचा मराठी माणसाशी अगदी जवळचा संबंध असूनही मराठीत त्याची चर्चा फारशी झालेली नाही, हे त्याचे एक कारण.

११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. बांडुंग परिषद आठवड्यावर आली होती आणि चीन सरकारने आपल्या प्रतिनिधींसाठी हे विमान भाड्याने घेतले होते. विमानात अकरा प्रवासी व आठ कर्मचारी, एकूण एकोणीस माणसे होती. उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, अठरा हजार फुटांवर असताना स्फोटाचा आवाज झाला. उजव्या पंखात, तिसऱ्या क्रमांकाच्या इंजिनामागे आग दिसू लागली आणि धूर आत शिरला. कप्तानाने ते इंजिन बंद केले. संकटाचे संदेश गेले, प्राणरक्षक जाकिटे वाटली गेली, संकटकालीन दारे उघडली गेली. नातुना बेटांजवळ विमान समुद्रात कोसळले व त्याचे तुकडे झाले. सोळा जण मृत्यू पावले, तिघे वाचले. ज्यांच्यासाठी हा घाट घातला गेला असे सर्वत्र मानले जाते, ते चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय त्या विमानात नव्हतेच.

त्या विमानाचे कप्तान होते दामोदर काशीनाथ जठार. ते परतले नाहीत. सहवैमानिक दीक्षित, मार्गदर्शक पाठक आणि देखभाल अभियंता अनंत श्रीधर कर्णिक हे तिघे वाचले. कर्णिकांनी पुढे ‘काश्मीर प्रिन्सेस’ याच नावाचे इंग्रजी पुस्तक लिहिले. ते १९५८ साली प्रसिद्ध झाले. या प्रकरणावरील पुढच्या सर्व लेखनाहून या पुस्तकाचा अधिकार वेगळा आहे. ज्याने ते विमान यंत्र म्हणून जाणले, जो स्फोटाच्या वेळी आत होता आणि जो पाण्यातून वर आला, अशा माणसाची ती साक्ष आहे. पण साक्षीदाराचा अधिकार त्याने जे पाहिले तेवढ्यापुरताच चालतो, हेही विसरता कामा नये. स्फोटापासून समुद्रापर्यंतच्या काळाविषयी कर्णिकांवर विश्वास न ठेवण्यास कोणतेच कारण नाही. स्फोटक कोणी ठेवले आणि कोणाच्या सांगण्यावरून ठेवले, या प्रश्नांना मात्र त्यांची साक्ष पुरी पडत नाही, आणि ती पुरी पडावी अशी अपेक्षा करणे हा त्यांच्यावरच अन्याय होय. पुढच्या अनेक लेखकांनी हा विवेक पाळलेला नाही. विमानातील करुण प्रसंग ते तपशिलाने रंगवतात आणि त्या प्रसंगाने वाचकाचे मन हेलावले की त्याच ओघात आपला निष्कर्षही त्याच्या गळी उतरवतात.

पुराव्याची पहिली पायरी वस्तूची. समुद्रातून काढलेल्या अवशेषांची तपासणी झाली आणि इंडोनेशियाच्या चौकशी समितीने २६ मे १९५५ रोजी आपला निर्णय जाहीर केला : यंत्रातील बिघाड नव्हे, तर उजव्या बाजूच्या चाकांच्या पोकळीत ठेवलेला, घड्याळाच्या कळीवर चालणारा बाँब हेच कारण. त्याचे स्फोटक टोक ‘एम. के. ७’ या अमेरिकन बनावटीचे होते. ही पायरी भक्कम आहे. कर्णिकादिकांनी आग जेथे पाहिली ती जागा आणि अवशेषांतून सिद्ध झालेली जागा एकमेकींशी जुळतात. दोन परस्परनिरपेक्ष साधनांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती मानण्यास हरकत नसते.

दुसरी पायरी वर्तनाची. हाँगकाँगच्या पोलिसांनी विमानाच्या देखभालीशी संबंध आलेल्या एकाहत्तर जणांची विचारपूस केली आणि संशय येऊन थांबला तो चाऊ त्से-मिंग या इसमावर. हा विमानतळावर ‘हाँगकाँग एअरक्राफ्ट इंजिनियरिंग कंपनी’त सफाईचे काम करीत असे. त्याच्याविरुद्ध चार गोष्टी सांगितल्या जातात. त्याला विमानापर्यंत जाता येत होते. आपण हे कृत्य केल्याची बढाई त्याने ओळखीच्यांजवळ मारली. त्याच्या हाती मिळकतीबाहेरचा पैसा खेळू लागला. आणि १८ मे रोजी तो सिव्हिल एअर ट्रान्सपोर्टच्या विमानातून तैवानला पळाला. शेवटच्या दोन तारखा वाचकांनी ताडून पाहाव्यात. समितीने बाँबचे निदान जाहीर केले त्याच्या आठ दिवस आधीच हा मनुष्य निसटला होता. खुनाच्या कटाच्या आरोपावरून त्याच्यावर वॉरंट निघाले. तैवानने त्याला परत दिले नाही.

आम्हा कारकुनांना कायद्याचे जे जुजबी ज्ञान असते त्यानुसार पाहिले, तरी या चार गोष्टींचे वजन सारखे नाही. १८७२ च्या साक्ष कायद्याप्रमाणे पळून जाणे हे आरोपीचे वर्तन म्हणून विचारात घेता येत असे. त्याची जागा १ जुलै २०२४ पासून ज्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, त्यातही ते तत्त्व टिकून आहे. परंतु भीतीने निर्दोष माणूसही पळतो, असे न्यायालये वारंवार बजावीत आली आहेत. न्यायालयाबाहेर दिलेली कबुली हा तर दुबळ्या जातीचाच पुरावा. बढाईखोर माणूस न केलेल्या गोष्टीचेही श्रेय घेतो. तरीही संधी, बढाई, पैसा आणि पलायन ही चारही एकाच माणसापाशी यावीत, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. आमचे मत विचाराल तर खटला उभा राहण्यास हे पुरेसे होते. शिक्षेस पुरेसे होते काय, हे उलटतपासणीनेच ठरले असते, आणि ती उलटतपासणी कधी झालीच नाही.

येथे हजरतगंजातील एका इमारतीची आठवण होणे अपरिहार्य आहे. आज जेथे आपण टपाल टाकतो, त्या मोठ्या पोस्टाच्या जागी पूर्वी रिंग थिएटर होते आणि तेथेच काकोरीचा खटला चालला. ९ ऑगस्ट १९२५ च्या त्या प्रसंगाची आणि विमानातील निरपराधांच्या हत्येची नैतिक तुलना करण्याचा आमचा बिलकूल हेतू नाही. सांगायचे आहे ते केवळ पद्धतीविषयी. तेथे रुळांलगत राहिलेल्या एका चादरीवरील परटाच्या खुणेने पोलीस शहाजहानपुरापर्यंत पोहोचले आणि मग माफीच्या साक्षीदारांनी बाकीची साखळी पुरी केली. त्या न्यायाविषयी आपले मत काहीही असो, तेथे आरोपी समोर होते, त्यांचे वकील होते, साक्षीदाराला खोडून काढण्याची सोय होती. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे रामकृष्ण खत्री त्याच आरोपींत होते; दहा वर्षांची सजा भोगून ते पुढे याच शहरात राहिले आणि आपली बाजू स्वतःच्या तोंडाने सांगू शकले. चाऊ त्से-मिंगची बाजू जगाने ऐकली नाही आणि मृतांच्या आप्तांना निकालही मिळाला नाही. खटला न होण्याने आरोपी व फिर्यादी असे दोघेही नागवले जातात, ते असे.

तिसऱ्या पायरीवर पाय टाकताच जमीन भुसभुशीत होते. बोलविता धनी कोण? त्या वेळी तैवानमध्ये असलेल्या कुओमिंतांग सरकारच्या हेरखात्याकडे बोट दाखवले जाते. स्टीव्ह त्सांग या अभ्यासकाने १९९४ साली ‘चायना क्वार्टर्ली’त लिहिलेल्या लेखात दप्तरखान्यातील कागदांच्या आधारे हेच प्रतिपादन केले आहे. आरोपी जेथे पळाला ती जागा, आणि त्याला परत देण्यास झालेला नकार, या दोन्ही गोष्टी त्यास पुष्टी देतात. हे अनुमान आम्हांस ग्राह्य वाटते.

अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याविषयीचा आरोप मात्र निराळ्या तराजूत तोलावा लागतो. स्फोटक टोक अमेरिकन होते हे खरे. पण कुओमिंतांगची बहुतेक सामग्रीच अमेरिकन होती. ज्या कंपनीच्या विमानातून संशयित पळाला ती कंपनी त्या खात्याच्याच मालकीची होती, हे पुढे उघड झाले. ही गोष्ट अधिक बोचणारी आहे. तथापि विमानाचा मालक आणि विमानात लपून बसलेला उतारू यांचा कट होता, हे मालकीवरून सिद्ध होत नाही. राहता राहिली जॉन डिस्को स्मिथ याची कहाणी. दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीतला हा माजी नोकर रशियाला जाऊन मिळाला आणि १९६७ साली त्याने मॉस्कोहून जाहीर केले की, दिल्लीच्या मेडन्स हॉटेलात एका चिनी इसमाला आपण एक पिशवी पोहोचवली होती आणि तिच्यात या घातपाताची सामग्री होती. दिल्लीत बदलीवर राहिलेल्या वाचकांना ते हॉटेल डोळ्यांसमोर येईल, आणि अशा ओळखीच्या तपशिलानेच कहाणी खरी वाटू लागते. पण बारा वर्षांनी, प्रतिपक्षाच्या राजधानीतून, त्याच पक्षाच्या सोयीची दिलेली ही साक्ष आहे. ती खोटीच आहे असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या साधनाचा आधार मिळेपर्यंत ती फाइलीत लावून ठेवावी, तिच्यावर आदेश काढू नये, एवढेच म्हणतो.

सर्वांत घसरडे अनुमान चाऊ एन-लाय यांच्याविषयीचे आहे. त्यांना कट ठाऊक होता, म्हणून त्यांनी स्वतःचा मार्ग बदलला आणि इतरांना मरू दिले, असे काही जण सूचित करतात. चीनने १० एप्रिललाच पेकिंगमधील ब्रिटिश प्रतिनिधीला धोक्याची सूचना दिली होती. चाऊ यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती. १४ एप्रिलला ते रंगूनच्या वाटेने निघाले. या गोष्टींवरून धोक्याची सर्वसाधारण जाणीव सिद्ध होते, चाकांच्या पोकळीतील बाँबची माहिती नव्हे. या अनुमानामागचा खरा आधार दुसराच आहे : घटनेचा लाभ चीनला झाला, सहानुभूती त्याच्याकडे वळली, म्हणून कर्तृत्वाचा वाटाही त्याचाच. ‘ज्याला लाभ तो कर्ता’ हे सूत्र रहस्यकथेत शोभते. इतिहासात त्याने अनर्थ होतो. ‘गंगा’ विमानाचे उदाहरण घ्या. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले हे फोकर विमान दोन काश्मिरी तरुणांनी खेळण्यातले पिस्तूल व लाकडी हातबाँब दाखवून लाहोरला नेले. तेथे त्यांचे स्वागत झाले आणि पुढे विमान जाळण्यात आले. भारताने आपल्या आकाशातून पाकिस्तानी विमानांना बंदी केली आणि पूर्व पाकिस्तानशी त्यांचा सरळ मार्ग तुटला. त्याबरोबर कालचे वीर भारताचे हस्तक ठरले. पाकिस्तानच्या चौकशी आयोगाने तसा निष्कर्ष काढला. अपहरणकर्त्या हाशिम कुरेशीने तो नाकारला. येथेही ‘लाभ कोणाला?’ या प्रश्नाने ‘पुरावा कोणता?’ या प्रश्नाची जागा बळकावली.

अमेरिकेतील ‘डी. बी. कूपर’चे प्रकरण या वाङ्मयाची दुसरी टोकाची अवस्था दाखवते. २४ नोव्हेंबर १९७१ रोजी बोइंग ७२७ पळवून, दोन लक्ष डॉलर घेऊन, मागच्या जिन्यावरून हवाई छत्रीसह उडी टाकणारा हा मनुष्य कोण, हे कोणालाच कळले नाही. १९८० मध्ये कोलंबिया नदीच्या वाळूत ५,८०० डॉलर सापडले. मागे एक गळपट्टी राहिली होती. २०१६ साली सरकारने सक्रिय तपास थांबवला. वस्तू इतक्या थोड्या आणि संशयित इतके की मोजदाद नाही! तेथे गुन्ह्याचा खेळ झाला. कूपरच्या प्रकरणात निदान प्रवासी सुखरूप उतरले होते, म्हणून तो खेळ सहन होतो. ‘काश्मीर प्रिन्सेस’च्या बाबतीत सोळा मृत्यू मध्ये उभे आहेत.

आणि आरोपी ठाऊक असला म्हणजे सर्व काही सुटते असेही नाही. २० डिसेंबर १९७८ रोजी लखनौहून दिल्लीकडे निघालेले विमान दोघा पांडे तरुणांनी खेळण्यातली शस्त्रे दाखवून वाराणसीला नेले. नावे गुप्त नव्हती, हेतूही नव्हता. १९८० मध्ये ते दोघेही निवडून येऊन हजरतगंजाजवळच्या विधानभवनात बसले. गुन्हेगाराचे नाव कळणे आणि न्याय होणे यांत किती अंतर असते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधण्याची गरज नाही.

‘काश्मीर प्रिन्सेस’च्या तपासासाठी भारताने ज्या अधिकाऱ्याला पाठवले ते रामेश्वरनाथ काव लखनौ विद्यापीठाचेच पदवीधर, १९६८ साली देशाचे नवे गुप्तचर खाते त्यांनीच उभारले. अशा कसलेल्या माणसांनी हाताळलेले प्रकरणही न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचले नाही, कारण दोन सरकारांमधील सीमा कोणत्याही पुराव्याहून बळकट ठरली. म्हणून आमचा निष्कर्ष असा : बाँब सिद्ध आहे, चाऊ त्से-मिंग हा सबळ संशयित आहे, दोषी ठरलेला नाही, कुओमिंतांगचा हात बहुतांशी संभवनीय, त्यापुढचे सर्व अद्याप कच्च्या टिपणीच्या अवस्थेत आहे.

मात्र या सर्व चर्चेत एक प्रश्न मागे पडतो, आणि आमच्या मते तो अग्रभागी असावयास हवा. धोक्याची सूचना एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे, एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली. ज्या आठ जणांना ते विमान उडवायचे होते, त्यांच्या जिवाची जबाबदारी त्या कागदावर कोणाच्या नावे होती? कोणी मारले याचा शोध घेणारे शंभर लेखक निघतात. कोणाला वाचवता आले असते हे विचारणारा एखादाच. मराठीत या विषयावर कोणी पुस्तक लिहिण्यास घेतले, तर त्याने प्रारंभ चाऊ एन-लाय यांच्यापासून न करता कप्तान जठारांपासून करावा. मोठ्या माणसांच्या कटात लहान माणसांचे मरण तपशील म्हणून नोंदवले जाते. ती नोंद दुरुस्त करणे टीकेच्या आणि इतिहासाच्याही अधिकारात निश्चित येते.