चौक, खळे आणि पायवाट : शनिवार-रविवारच्या घराची चिकित्सा

मुंबईच्या दक्षिणेस, खाडीपलीकडच्या अलिबाग व मुरूड या तालुक्यांत गेल्या तीन दशकांत गृहरचनेचा एक स्वतंत्र प्रकार रूढ झाला आहे. शहरात राहणाऱ्या कुटुंबाने केवळ शनिवार-रविवारी वसतीस यावे म्हणून बांधलेले हे घर होय. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत मोटारींसह नेणारी जलसेवा सुरू झाली व जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा हा सागरी सेतू खुला झाला. त्यामुळे या प्रकाराचा विस्तार पुढेही होत राहील, असे मानावयास हरकत नाही. या घरांच्या आराखड्यांत दोन घटक वारंवार आढळतात : मध्यभागी एक वा अनेक चौक, आणि आवारातून वळणे घेत जाणारी पायवाट. दोहोंचे समर्थन बहुधा ‘परंपरा’ या एकाच शब्दाने केले जाते. हे समर्थन कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम चौकाचा विचार करू. वाईनजीक मेणवली येथील नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा किंवा पुण्याचा विश्रामबागवाडा यांच्या रचनेकडे पाहिले असता चौक ही शोभेची जागा नव्हती, हे ध्यानात येते. जाड भिंतींच्या व रस्त्याकडे पाठ केलेल्या इमारतीत उजेड व वारा आत घेण्याचे ते साधन होते. त्याबरोबरच माणसांची व कामांची वर्गवारी करण्याचेही ते साधन होते. बाहेरच्या चौकात कारभार व आल्यागेल्याची बैठक, आतल्या चौकात स्वयंपाक, धान्याची निवड आणि बायकामुलांचा वावर, असा क्रम असे. चौकाला अर्थ होता तो त्याभोवतीच्या अखंड कामामुळे. दिवसाचा कोणताही प्रहर घेतला तरी चौक रिकामा नसे.

परंतु हा चौक मुख्यतः देशावरचा. रायगड-रत्नागिरीकडच्या सामान्य कोकणी घराची घडण निराळी आहे. तेथे घर एकाच उतरत्या छपराखाली एकवटलेले असते. ओटी, माजघर, स्वयंपाकघर ही एकामागून एक येतात, भोवती पडवी असते, आणि मोकळी जागा घराच्या पोटात नसून घरापुढे असते. तिला खळे म्हणतात. भाताची झोडणी, सुपारी व आमसुले वाळत घालणे, तुळशीचे वृंदावन, लग्नाचा मांडव, या साऱ्यांची जागा तीच. पावसाळ्यात खळे सोडून द्यावयाचे, पडवीला विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधावयाचे आणि घराने स्वतःला मिटून घ्यावयाचे, असा हा ऋतुक्रम आहे. चार महिने कोसळणाऱ्या पावसाला दिलेले ते सरळ उत्तर होय.

यावर असा आक्षेप येईल की गोव्यातील हिंदू घरांत राजांगण असते, केरळातील नालुकेट्टु घराच्या मध्यभागी नडुमुट्टम असते, आणि तेथेही पाऊस काही कमी नाही. आक्षेप योग्य आहे. त्यामुळे पावसाळी प्रदेशात चौक अशक्य असतो, असा निष्कर्ष काढता येणार नाही. मात्र ही उदाहरणे चौकाच्या अटीही सांगतात. चारही बाजूंनी अखंड पडवी हवी, छपराच्या कडा पुरेशा खाली आलेल्या हव्यात, चौकाची जमीन भोवतालच्या जोत्याहून खोल हवी आणि साचलेल्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट हवी. शिवाय दोन्ही ठिकाणी चौकाभोवती एक मोठे कुटुंब बारमाही नांदत असे. तेव्हा रायगडमध्ये चौक बांधणारा वास्तुकार स्थानिक परंपरा चालवीत नसतो. तो एक निवड करीत असतो, आणि निवडीचे कारण त्याने आराखड्यातून दाखविले पाहिजे.

या दृष्टीने बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ या कार्यशाळेच्या दोन घरांचे परीक्षण उपयुक्त ठरेल. पहिले घर काशीद येथील ‘तारा’, २००५ सालचे. एकाच कुटुंबाच्या अनेक पिढ्यांसाठी बांधलेल्या या घराच्या खोल्या चाफा, बांबू, नेचे व जाई यांनी भरलेल्या बागेभोवती मांडल्या आहेत. या बागेच्या खाली भूमिगत पाण्याचे एक दालन आहे. जमिनीतील झऱ्यांचे पाणी त्यात येते. चौक म्हणजे केवळ आकाशाचा तुकडा ही समजूत येथे ओलांडली गेली आहे. वर पाऊस, खाली भूजल आणि मध्ये माणसे, असे एक नाते या रचनेत प्रत्ययास येते. आजोबांची झोप व नातवंडांचा दंगा यांत अंतर ठेवूनही त्यांना परस्परांच्या दृष्टीत ठेवणे, हे अनेक पिढ्यांच्या घराचे खरे काम, आणि बागेभोवतीच्या मांडणीने ते साधते. तथापि एक मर्यादा सांगितली पाहिजे. गच्च लावलेली बाग ही पाहण्याची जागा आहे, वावरण्याची नव्हे. बागेला अंगण म्हटल्याने ती अंगण होत नाही. अंगणाला सारवलेली, मोकळी, कशासाठीही वापरता येण्याजोगी जमीन लागते.

दुसरे घर नांदगाव येथील, २००७ मध्ये पूर्ण झालेले. नारळाच्या वाडीत, समुद्रानजीक, किंचित पुढेमागे सरकलेले दोन लांबट भाग समोरासमोर उभे आहेत आणि त्यांच्या मध्ये चौक व पोहण्याचे कुंड आहे. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, जोती व फरसबंदी काळ्या दगडाची, आणि भिंतींच्या जागी ताडाच्या लाकडाच्या झडपा. या झडपांतून वारा येतो, उजेड गाळून येतो आणि वाडी घराच्या आत येते. पाणी आवारातील विहिरींतून उपसून उंच टाकीत साठविले जाते व उताराने घरात येते. २०१० च्या आगाखान पुरस्कारासाठी या घराचा अंतिम विचार झाला होता. येथील चौक चारही बाजूंनी बंद नाही. दोन टोकांना तो वाडीकडे उघडतो. माझ्या मते हेच त्याचे बलस्थान आहे. वाड्याचा चौक आणि कोकणातले खळे यांच्या मधली ही अवस्था असून तिला प्रदेशाचे भान आहे. परंतु दोन भाग परस्परांपासून सुटे ठेवल्यामुळे एकातून दुसऱ्यात जाताना आकाशाखालून जावे लागते. सुटीतल्या माणसाला त्यात मौज वाटेल. वृद्ध आईला आषाढात तशी ती वाटेलच असे नाही.

आता पायवाटेकडे वळू. कोकणातील पाखाडी अथवा पाणंद वाकडीतिकडी असते. पण ती उगाच वळत नाही. उतार, ओढा, मोठे झाड, शेजाऱ्याच्या वाडीचा गडगा, देवळाची जागा, यांपैकी प्रत्येक गोष्ट तिला एक वळण देते. म्हणजे पाखाडीचे वळण हा जमिनीशी आणि शेजाऱ्यांशी झालेल्या तडजोडींचा आलेख आहे. आवारात कागदावर आखलेली वळणवाट हे वळण घेते, कारण मात्र घेत नाही. तीस पावलांवर असलेल्या दारापाशी साठ पावलांनी पोचविणे एवढेच तिचे काम असेल, तर दुसऱ्या भेटीतच कुटुंबातील मुले गवतातून सरळ वाट पाडतील, आणि ती मुले वास्तुकारापेक्षा अधिक बरोबर असतील.

कारण असलेली वळणवाट नव्याने रचता येत नाही असे मात्र नाही. श्रीलंकेचे वास्तुकार जेफ्री बावा यांनी १९४८ मध्ये बेंटोटानजीक लुनुगंगा हा रबराचा मळा विकत घेतला आणि २००३ मध्ये मृत्यू होईपर्यंत शनिवार-रविवारच्या या वसतिस्थानाची घडण ते बदलीत राहिले. घर आणि समोरची टेकडी यांच्या मधून जाणारा सार्वजनिक रस्ता त्यांनी खोलगटात असा राखला की घरातून पाहताना तो दिसत नाही. दृश्य अखंड राहिले आणि गावाची वाटही चालू राहिली. बावांचे हे कौशल्य आपल्याकडे फारसे अभ्यासले गेलेले नाही, आणि खरा प्रश्न तर तेथेच आहे.

कारण आपल्याकडे आवाराला कुंपण पडते तेव्हा पुष्कळदा एखादी जुनी पायवाट कुंपणात जाते. शेताकडे, विहिरीकडे वा किनाऱ्याकडे जाणाऱ्या लोकांची ती वहिवाट असते. शेताच्या बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदाराने करावा, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ मध्ये आहे. परंतु प्रत्येक वाद तेथवर जात नाही, आणि जमीन विकून बसलेल्या गावाला तो नेण्याचे बळही नेहमी असत नाही. बाहेरची वाट बंद करून आत वळणवाट आखणे ही विसंगती सौंदर्यविचारात क्षुल्लक मानता येणार नाही. ज्या आकृतीचा आपण गौरव करतो तिचा मूळ नमुनाच आपण पुसतो, असा त्याचा अर्थ होतो.

शेवटचा मुद्दा अनुपस्थितीचा. एकही शनिवार-रविवार चुकविला नाही, तरी असे घर वर्षातून सुमारे १०४ दिवस वापरात राहील. उरलेले २६१ दिवस ते राखणदाराच्या हाती असेल. पाला झाडणे, शेवाळ खरवडणे, लाकडाला तेल देणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे, ही कामे त्याची व त्याच्या कुटुंबाची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा बंद घरांच्या आवारांत पहिले पाऊल त्यांनाच टाकावे लागले असणार. असे असता प्रसिद्ध होणाऱ्या आराखड्यांत राखणदाराची खोली बहुधा एका कोपऱ्यात असते, किंवा नसतेच. वाड्यातल्या चौकाने निदान काम करणाऱ्याला रचनेत जागा दिली होती, मग ती विषमतेची का असेना. नवा चौक त्याला रचनेबाहेर ठेवतो.

तेव्हा विद्यार्थ्यांनी अशा घराचा आराखडा तपासताना तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते. आषाढातल्या एखाद्या बुधवारी, मालक नसताना, हा चौक कोण वापरतो? पावसाचे पाणी येथून कोठे जाते? आणि या आवारातून पूर्वी कोण जात असे, ते आज कोठून जातात? पहिल्या दोहोंची उत्तरे चांगल्या वास्तुकाराजवळ बहुधा असतात. तिसऱ्याचे उत्तर मात्र आराखड्याच्या कागदावर सापडणार नाही. त्यासाठी जागेवर जाऊन गावातल्या माणसांना विचारावे लागेल.