कैद्यांचा मताधिकार : ‘अनुकूलचंद्र प्रधान’ निकालाची चिकित्सा

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात वा पोलीस कोठडीत असलेल्या व्यक्तीस मतदान करता येत नाही. ‘अनुकूलचंद्र प्रधान विरुद्ध भारत सरकार’ (१९९७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. गुन्हेगारांना निवडणुकीपासून दूर ठेवणे आणि बंदोबस्तावरील ताण टाळणे, ही त्याची प्रमुख कारणे. दुसरे कारण फारसे टिकत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धांना त्याच कलमाने वगळले असून ते टपाली मतदान करतात. पहिले कारण अधिक गंभीर आहे. परंतु हे कलम गुन्ह्याचे स्वरूप पाहतच नाही; व्यक्ती तुरुंगाच्या आत आहे की बाहेर, एवढेच पाहते. खुनाच्या गुन्ह्यात सिद्धदोष ठरून अपिलाच्या काळात जामिनावर सुटलेला मनुष्य मतदान करू शकतो. किरकोळ चोरीच्या आरोपाखालील, जामीनदार न मिळालेला कच्चा कैदी मात्र नाही. (आणि भारतीय तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश बंदी कच्चे कैदीच आहेत.) सिद्धदोषींचा प्रश्न स्वतंत्रपणे तपासण्याजोगा होता; न्यायालयाने तो कच्च्या कैद्यांच्या प्रश्नात मिसळला, ही या निकालाची मोठी उणीव होय. २०१३ च्या दुरुस्तीनंतर तर ही विसंगती अधिकच ठळक झाली : कच्चा कैदी तुरुंगातून निवडणूक लढवू शकतो, स्वतःस मत देऊ शकत नाही.