‘सत्तांतर’ वाचताना माणसं बाजूला ठेवा

राज्यात सरकार पडलं की व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ची कुणाला तरी आठवण येतेच. मग त्यातला म्हातारा हुप्प्या कोण, त्याला हुसकावणारा तरणा नर कोण, हे जुळवायचा खेळ सुरू होतो. १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या छोट्या कादंबरीवर त्यात अन्याय होतो, असं मला वाटतं.

कारण रूपक म्हणून वाचलं की यातली सगळ्यात भयंकर गोष्ट सौम्य होते. टोळी ताब्यात घेतलेला नर अंगावर पिणारी पिल्लं मारतो. राजकारणात याला आपण क्रौर्य म्हणून मोकळे होतो. पण वानर असं का करतं?

माडगूळकर वानरांना माणसासारखं बोलायला लावत नाहीत. काय घडलं ते दाखवतात. हा संयम मला फार आवडतो. मात्र लॉग वाचून काय झालं ते कळतं, का झालं ते दुसरीकडेच शोधावं लागतं (माझा रोजचा अनुभव).

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने आपल्या शेजारच्याच धारवाडजवळ वानरांमधल्या अशा पिल्लहत्या नोंदवल्या. गर्दीमुळे बिघडलेलं वागणं, असा अर्थ काहींनी लावला. १९७१पासून अबूच्या डोंगरावर वानरं बघणाऱ्या सारा ब्लॅफर हर्डीला ते पटलं नाही. तिचं म्हणणं असं: पिल्लू अंगावर पीत असेपर्यंत मादी सहसा माजावर येत नाही. नराची सत्ता तर जेमतेम दोन-अडीच वर्षांची. दुसऱ्याची पिल्लं मोठी होईपर्यंत थांबला, तर त्याची स्वतःची होणार कधी? त्याला हा हिशोब कळत असण्याची गरज नाही. असं वागणाऱ्या नरांची संतती जास्त उरली, एवढं पुरतं. यावर बरीच वर्षं भांडणं झाली. १९९९मध्ये नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांची डीएनए तपासणी प्रसिद्ध झाली. हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

हे वाचून पुन्हा ‘सत्तांतर’कडे गेलो तेव्हा शीर्षकच खटकलं. सत्ता हा नरांच्या बाजूचा शब्द आहे. नर येतात, जातात. टोळी टिकते ती माद्यांची, आया-लेकी-बहिणींची. आणि त्या नुसत्या सोसत नाहीत. हर्डीच्या मते त्या बाहेरच्या नरांशीही जुगतात, म्हणजे पिल्लू कुणाचं याची कुठल्याच नराला खात्री उरत नाही. अबूला तिने पाहिलेल्या एका टोळीत तर म्हातारी मादी, जिचे स्वतःचे विण्याचे दिवस सरले होते, दुसरीच्या पिल्लासाठी तिच्याहून कितीतरी दांडग्या नराच्या अंगावर पुन्हा पुन्हा धावून जात होती.