'द व्हाइसरॉय ऑफ वीदा' : एका पदवीचा विचार

ब्रूस चॅटविन यांनी १९७० च्या दशकात दाहोमीच्या (आजच्या बेनिनच्या) किनाऱ्यालगतचे वीदा हे नगर पाहिले आणि तेथील ब्राझिली गुलाम-व्यापारी फ्रान्सिस्कू फेलिस द सोझा (मृत्यू १८४९) याचे चरित्र लिहिण्याचा संकल्प केला. तो सिद्धीस गेला नाही. नायकाचे नाव बदलून १९८० साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

मूळ पुरुषाच्या स्मरणार्थ मिस्सा आणि भोजन यांसाठी जमलेल्या वंशजांचे प्रारंभीचे चित्र अविस्मरणीय आहे. वैभवाचा पोकळ अभिमान लेखकाने मोजक्या शब्दांत टिपला आहे. दोष आहे तो शीर्षकातील पदवीत. 'व्हाइसरॉय' म्हणताच सारा व्यापार एका एकाकी पुरुषाची नियती ठरतो, आणि ज्यांची विक्री झाली ते त्या नियतीची पार्श्वभूमी होऊन राहतात.

फोन भाषेतील एक शब्द येथे अधिक बोलका आहे. दाहोमीने १७२७ मध्ये वीदा जिंकले; पुढे तेथील राजाधिकाऱ्यास 'योवोगान' म्हणत. 'योवो' म्हणजे गोरा, 'गान' म्हणजे प्रमुख. गोऱ्यांशी होणारा व्यवहार पाहणारा तो अधिकारी. व्यापार ही राज्याची एक व्यवस्था होती, हे या एका शब्दावरून कळते. रॉबिन लॉ यांचा २००४ मधील इतिहासग्रंथ हीच व्यवस्था उलगडतो. समुद्र नगरापासून सुमारे चार किलोमीटर दूर. म्हणून हमाल, होडीवाले, कोठीवाले, धान्य पुरविणारे अशा अनेकांच्या श्रमावाचून दहा लाखांच्या आसपास माणसे जहाजांवर चढविणे शक्यच नव्हते.

वोदुनचेही तसेच. कादंबरीत तो बहुधा गूढ वातावरणापुरता येतो. वस्तुतः 'दांग्बे' हा अजगरदेव मूळच्या हुएदा लोकांचा. त्यांचे राज्य बुडाले, देव मात्र टिकला. चर्चसमोरील त्याचे मंदिर हा पराभूतांच्या इतिहासाचा जिवंत पुरावा होय.

१९९५ मध्ये किनाऱ्यावर 'अप्रत्यागमनाचे द्वार' उभारले गेले. कादंबरी वाचून तेथे जाणाऱ्यास व्यापाऱ्याचा चेहरा आठवेल. त्या वाटेने नेलेल्या एकाचाही आठवणार नाही. शैलीच्या दृष्टीने ही कृती श्रेष्ठ आहे, यात संशय नाही. परंतु विक्रेत्याचे दुःख इतक्या सामर्थ्याने सांगणाऱ्या लेखकाने विकल्या गेलेल्यांना वाणी देऊ नये, ही उणीव शैलीने भरून निघत नाही.